त्या आधीचे अकरा फोटो

उज्जैनच्या नानाखेड्यात माझं फोटोचं दुकान आहे, आणि बस स्टँडवर उतरून कुणालाही विचारा, हा माणूस किती फेकतो ते सांगेल. खरंच आहे ते. रामघाटावर संध्याकाळच्या आरतीला मी एकदा फ्लॅश मारला, तर पलीकडच्या काठावरचे कोंबडे पहाट झाली समजून आरवले — ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की आता घाटावरचे पंडे ती यात्रेकरूंना सांगतात, आणि त्यांच्या तोंडून ऐकताना मलाही खरी वाटते. पण एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही. महाकाळासमोर हात जोडून उभा असतो तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. थकलोय, असं समजा.

दुकानात शिरलात की समोरच्या भिंतीवर एक मोठा फोटो दिसेल. समुद्र, बुडता सूर्य, ओल्या वाळूवर गुडघा टेकून बसलेला मुलगा, हातात अंगठीची डबी. समोर मुलगी — एक हात तोंडावर, डोळे भरलेले, मान किंचित खाली, होकाराची. गिऱ्हाईक तिथेच थांबतं. मग मी सुरू होतो. कमरेइतक्या पाण्यात उभा होतो, दोन पुरुष उंच लाट आली, बुटाला खेकडा लटकलेला, पण हात हलला म्हणून नाही. "सात जन्मांत एकदा मिळतो असा क्षण, भैया," असं मी म्हणतो आणि गिऱ्हाईक लग्नाचं काम देऊन जातं.

त्यातलं खरं किती? समुद्र खरा आहे. खेकडाही होता, पण तो बिचारा लांबून जात होता.

मुलगा म्हणजे सौरभ, आमच्याच कॉलनीतला. त्याचे वडील माझे जुने मित्र. नोकरीला पुण्यात. तिथेच ऋचा भेटली, तीही आमच्या उज्जैनचीच, फ्रीगंजमधली. दोन्ही घरांना पसंत. फक्त मुलीला रीतसर विचारायचं राहिलं होतं आणि ते सौरभला समुद्रावर विचारायचं होतं, तिला कळू न देता, फोटोसकट. मित्रमंडळींची गुहागरची सहल ठरली. "दादा, तुम्ही समुद्रावर कामं केलीयेत ना?" त्याने फोनवर विचारलं. मी म्हणालो, अर्धी कोकणपट्टी माझ्या कॅमेऱ्यात आहे. आणि मी — आता सांगूनच देतो — तोपर्यंत समुद्र पाहिलाच नव्हता. पन्नाशीला आलेला माणूस, क्षिप्रेच्या पलीकडे पाणी ठाऊक नाही.

म्हणून मी घाबरलो खाऱ्या हवेला. कुणीतरी सांगितलं होतं, कॅमेरा खराब होतो. मग मी दिवसभर तो हॉटेलच्या एसी खोलीत ठेवला, टॉवेलात गुंडाळून, बाळंतिणीच्या बाळासारखा. अगदी वेळेवर बाहेर काढला आणि सुरूच्या झाडांमागे जाऊन बसलो. आमच्याकडे उन्हाळ्यात कूलर चालतो, हवा कोरडी. गार काच दमट हवेत आली की काय होतं, हे मला कोण शिकवणार होतं? सौरभने गुडघा टेकला. मी डोळा लावला. समोर नुसतं दूध. काचेवर वाफ धरली होती. शर्टाने पुसली, परत धरली. तरी मी बटण दाबत राहिलो — अकरा वेळा. दिसत काही नव्हतं, पण बोटाला सवय असते.

मग कॅमेरा खाली घेऊन नुसत्या डोळ्यांनी पाहिलं.

आठवतानासुद्धा मी नेहमी इथेच थांबतो.

ती एक पाऊल मागे गेली होती. उजवा हात पुढे, तळवा त्याच्याकडे — रस्त्यात रिक्षाला थांबवतात तसा. मान हलवत होती, पण होकाराची नाही. तीस पावलांवरून मी ते पाहिलं, आणि वारा माझ्याकडे होता, तेव्हा ऐकलंही. "सौरभ, थांब. असं नको. मला विचार करू दे, घरी गेल्यावर बोलू." चिडून नव्हे, हळूच म्हणाली. आणि तो उठायला लागला होता. चेहरा उतरला होता त्याचा, पण तो उठत होता, हे लक्षात ठेवा. मी तिथे नसतो तर दोघं उठून चहा प्यायला गेले असते.

माझ्या मनात त्या वेळी काय आलं असेल? मुलीचं काय, मुलाचं काय? नाही. माझ्याकडे फोटो नाही, एवढंच आलं. उज्जैनहून इतक्या लांब आलो, अर्धी कोकणपट्टी म्हणून सांगितलं, आणि हातात दुधाचे अकरा फोटो.

आमच्या धंद्यात प्रत्येक गोष्ट दोनदा होते. एकदा खरी, एकदा फोटोसाठी. हार परत घालायला लावतो, सप्तपदीचं सातवं पाऊल परत टाकायला लावतो, मंगळसूत्रसुद्धा मी दुसऱ्यांदा बांधायला लावलंय आणि गुरुजी नुसते बघत राहिलेत. लोक ऐकतात. फोटोवाल्याचं सगळे ऐकतात. मी टाळ्या वाजवत झाडांतून बाहेर आलो, "बधाई हो, बधाई हो" असं ओरडत, जणू काही मी ऐकलंच नाही. माझा आवाज ऐकून सहलीला आलेले आठही मित्र लपल्या जागेतून धावत आले. वाफ तोवर उडाली होती. "सौरभ, गुडघा टेक. ताई, एकदा परत," मी म्हणालो. "उजेड चाललाय. फक्त मान हलवून द्या, कॅमेऱ्यासाठी. बाकी तुमचं तुम्ही नंतर बघून घ्या."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग सौरभकडे, मग हसणाऱ्या त्या आठ जणांकडे. हात तोंडावर नेला. तेच भरलेले डोळे तुम्ही भिंतीवर बघता. मान खाली गेली. मी फोटो घेतला, एकच, आणि तो असा आला की विचारू नका.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं कदाचित. पण तिकडे उज्जैनला सौरभची आई फोन हातात धरून बसली होती, मुलीच्या घरी, पेढ्यांचा डबा घेऊन. मी तिथेच वाळूत उभा राहून फोटो पाठवला. लिहिलं — "वहिनी, हो म्हणाली." दहा मिनिटांत व्हिडिओ कॉल. ऋचाचे वडील रडत होते, आनंदाने. कुणीतरी त्यांच्या तोंडात पेढा कोंबत होतं, मागे शेजारच्या बायका गोळा झाल्या होत्या. फोन ऋचाच्या हातात दिला. ती हसली. तो फोटो मी काढला नाही.

लग्नही मीच केलं, म्हणजे फोटो. सगळं दोनदा.

आता तुम्ही म्हणाल, हाच तो गुन्हा. नाही. इथवरचा मूर्खपणा कदाचित मी चारचौघांत हसत सांगूनही टाकला असता.

लग्नानंतर चार वर्षांनी ती दुकानात आली, एकटीच, दुपारची. माहेरी आली होती. चहा मागवला. ती भिंतीवरच्या त्या फोटोकडे बघत होती. मला वाटलं, आता म्हणेल की काढा हा फोटो इथून. पण तिने विचारलं, "दादा, या आधीचे आहेत का? याच्या अगदी आधीचे?"

मी विचारलं, कशासाठी?

"घरात सगळे म्हणतात, तू तर लगेच हो म्हणालीस. सासूबाई म्हणतात, आई म्हणते, आता सौरभपण म्हणतो. भांडण नाही हो, गमतीतच म्हणतात." ती कप बशीत फिरवत होती. "मला वाटतं, मी थांब म्हणाले होते. पण हल्ली मलाच नक्की आठवत नाही. तुम्ही तिथे होतात. म्हणून विचारते."

बघा, काय मागत होती ती? नवरा सोडायचा नव्हता तिला, मला शिव्याही घालायच्या नव्हत्या. आपण जे बोललो ते बोललो होतो का, एवढंच विचारायला आली होती. जगात एका माणसाला ते माहीत होतं, आणि तो समोर खुर्चीवर बसला होता, मागच्या कपाटात त्या अकरा फोटोंचं मेमरी कार्ड ठेवून.

मी म्हणालो, "आधीचा एकही नाही, ताई. कॅमेरा बंदच होता."

तेही कमी पडलं मला. जिभेला सवय असते, बोटासारखी. हसून म्हणालो, "आणि थांब कसलं? तुम्ही तर पहिल्या झटक्यात हो म्हणालात. मी कमरेइतक्या पाण्यात होतो, तिथवर ऐकू आलं."

ती म्हणाली, "असेल." चहा संपवला, कप नीट कडेला ठेवला, आईसाठी एक फोटोफ्रेम घेतली आणि गेली.

त्या दिवशी मी कार्ड काढून पाहिलं. दुधातसुद्धा माणूस दिसतो, नीट बघितलं तर. पहिल्या तीनमध्ये नुसत्या सावल्या. चौथ्यात तिचा हात पुढे आलेला आहे, पाच बोटं वेगळी मोजता येतात. सातव्यात ती एक पाऊल मागे आहे. नवव्यात तो उठतोय.

याला तीन वर्षं झाली. काल एक जोडपं आलं होतं, भिंतीपाशी थांबलं. मी लाटेची गोष्ट सांगितली. कार्ड मागच्या कपाटात आहे. ती पुण्यात आहे, आणि तिचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे.