रिझर्व्हेशनवाले रघुवीरराव

रघुवीर देवपुजारींनी नागपूर स्टेशनवर रिझर्व्हेशनच्या खिडकीमागे पस्तीस वर्षं काढली. दिवसभर माणसं "साहेब, काहीतरी करा ना" म्हणून गयावया करायची आणि रघुवीरराव मानसुद्धा वर न करता सांगायचे, "वेटिंग आहे. नेक्स्ट!" माणूस वाईट नव्हता, पण खुर्चीचा गुण लागतोच.

बायको गेली, तसे ते घर विकून कॉव्हेंट्रीला मुलाकडे, अतुलकडे आले. सहा महिन्यांचा व्हिजिटर व्हिसा. तो संपायच्या आत, कायम इथेच राहू द्या म्हणून अर्ज केला आणि उत्तराची वाट बघत बसले. खिडकीच्या बाहेर ताटकळणं काय असतं, ते शहात्तराव्या वर्षी कळलं.

विरंगुळा एकच, नात दिया. पंधरा वर्षांची, जन्म इथलाच, मराठी मोडकंतोडकं पण लाघवी. जीसीएसईच्या, म्हणजे इथल्या दहावीच्या, इतिहासात तिला अमेरिकन वेस्ट होता, गोऱ्यांनी अमेरिकेचा पश्चिम भाग वसवला तो काळ. शाळेतून आली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती मोठ्या अक्षरांतली प्रश्नांची कार्डं मांडायची, एकेक उचलून आजोबांना द्यायची, ते वाचायचे, आणि उत्तर बरोबर आलं की म्हणायचे, "नेक्स्ट!" ट्रेन लुटणारे डाकू आले त्या दिवशी तर म्हातारा भलताच तापला. "आरपीएफ झोपली होती का?" जणू त्यांचीच गाडी लुटली होती.

त्या मंगळवारी होमस्टेडर्स आले.

"गव्हर्नमेंटनी सांगितला, वन सिक्स्टी एकर्स घ्या," दिया म्हणाली. "फाइव्ह इयर्स तिथे राहिला की लँड तुमचा."

"आपल्या अतुलसारखंच की! पाच वर्षं नेटाने राहिला, सेटल झाला. नेक्स्ट! बरं, तिथे आधीपासून जे राहत होते, त्यांचं काय झालं?"

"अमेरिकन इंडियन्स? त्यांना रिझर्व्हेशन दिला."

रघुवीररावांची छाती फुगली. अखेर विषय त्यांच्या हद्दीत आला होता. "मग चांगलंच झालं की! रिझर्व्हेशन म्हणजे जागा पक्की. उगाच वेटिंगची कटकट नको."

दिया आधी हसली. मग आजोबा खरंच तसं समजतायत हे लक्षात आल्यावर तिचं हसू मावळलं. "नो, आजोबा. तो त्यांचाच लँड होता ना. तिथून काढला आणि दुसरीकडे ठेवला. बाहेर जायचा तर परमिशन पाहिजे. रेशन सरकार द्यायचा."

"पण त्यांना विचारलं असेल ना?"

"पेपरवर साइन घेतला. खूप लोकांना वाचता पण येत नव्हता."

म्हाताऱ्याला उगाच वाईट वाटलं. कार्ड हातात तसंच राहिलं.

तेवढ्यात अतुल आला. कोट न काढताच समोर बसला. तो बोलायच्या आधीच रघुवीररावांना उत्तर कळलं. खिडकीवर तोंड बघून सांगता येतं.

"बाबा, लेटर आलंय. रिफ्युज केलं. म्हणतात, तुमची काळजी घेणाऱ्या संस्था इंडियात आहेत. सॉलिसिटर म्हणाली, अपील करून उपयोग नाही."

"मग मी जायचं कुठे?"

"तिथे सीनियर होम बघितलंय. सगळं आत मिळतं. जेवण, डॉक्टर. बाहेर जायचं तर फक्त ऑफिसात सांगायचं." त्याने फॉर्म पुढे सरकवला. "मी तुमचं रिझर्व्हेशन केलंय, बाबा."

दियाने चटकन वर पाहिलं. "डॅड! तू आजोबांना विचारला?"

"विचारून काय करू?" अतुलचा आवाज फाटला. "दुसरं काय आहे माझ्या हातात?"

खोटं बोलत नव्हता. रघुवीररावांनी हे वाक्य खिडकीतून हजारदा ऐकवलं होतं, फक्त त्यांचा आवाज कधी फाटला नव्हता. चष्मा खोलीत राहिला होता. फॉर्मची बारीक अक्षरं काही लागेनात. चष्मा आणायला उठावंसं वाटलं नाही.

"कन्फर्म आहे ना?" त्यांनी विचारलं.

"कन्फर्म."

"गुडघ्यांमुळे म्हणतो, खालची खोली मिळेल का?"

अतुलने नुसतं बोट ठेवून सहीची जागा दाखवली. रघुवीररावांनी तिथे सही केली, कागद पलीकडे सरकवला आणि जुन्या सवयीने म्हणाले, "नेक्स्ट."

दियाने पुढचं कार्ड उचललं नाही.