वाटेवरचा भारी धान

माझ्या आईला राग लवकर येत नाही, पण आला की मुक्कामाला येतो. बाबांना राग येतच नाही असं लोक म्हणतात. माझ्या मते येतो, पण ते त्याला बसायला पाट देत नाहीत. मी या दोघांची एकुलती एक मुलगी, आणि माझा राग लवकर येऊन वर मुक्कामही करतो.

बाबांची सगळी नोकरी जवाहरनगरच्या फॅक्टरीत गेली. आम्ही ख्रिस्ती. रविवारी उपासनेला जायचं आणि रोज जेवायच्या आधी तिघांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणायची, हा क्वार्टरमधला नेम. शेजारच्या क्वार्टरमधल्या मुलीनं एकदा माझ्या सायकलची हवा सोडली, तेव्हा बाबांनी मला येशूची शिकवण सांगितली: एका गालावर कुणी मारलं तर दुसरा पुढे कर. मी विचारलं, "आणि दुसऱ्यावर मारून झाल्यावर?" बाबा जरा विचार करून म्हणाले, "मग त्याचाच हात दुखते." मला ते काही पटलं नाही. मी तिच्या सायकलची हवा सोडून आले.

रिटायर झाल्यावर बाबांनी करडीजवळ थोडी धानाची जमीन घेतली आणि तिथंच घर बांधलं. शेतीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. आईला कळायचं, कारण तिचं माहेर शेतकऱ्याचं, चिखलात वाढलेली बाई. मला लाखनीला दिलेलं आहे, हायवेवर आमचं स्टेशनरीचं दुकान आहे. पण जीव अर्धा इकडेच असल्यामुळे स्कूटी काढून मी येत-जात असते.

आमच्या बांध्या, म्हणजे धानाचे बांधलेले तुकडे, सडकेला लागून, आणि आमच्या मागे एका शेतकऱ्याच्या. आता गंमत अशी की तलावाचं पाणी मागून येतं. आधी त्याच्या बांध्यांत भरतं, मग मधल्या धुऱ्यातल्या, म्हणजे बांधातल्या, फटीतून आमच्याकडे उतरतं. सडक मात्र आमच्या बाजूला. म्हणजे पाणी त्याच्या हातात आणि वाट आमच्या हातात. देवानं ही मांडणी करताना दोघांच्या स्वभावाचा विचार केलेला दिसत नाही.

पहिल्याच वर्षी रोवणा, म्हणजे धानाची लावणी, झाला आणि पावसानं दडी मारली. मागच्या शेतकऱ्यानं धुऱ्याची फट चिखलानं लिंपून टाकली. त्याच्या बांधीत पाणी चमकत होतं आणि आमची जमीन भेगाळत होती. बाबा दोनदा सांगायला गेले. तो दोन्ही वेळा म्हणाला, "सोडतो ना साहेब, उद्या सोडतो." आमची रोपं पिवळी पडली, मग करपली. आईनं ती स्वतः रोवली होती, वाकून वाकून कंबर गेली होती तिची. मी म्हटलं, बाबा, फावडं द्या, मी धुरा फोडते. बाबांनी फावडं दिलं नाही. "वाईटाची परतफेड वाईटानं केली तर वाईट दोन झाले, बेटा. एकच सांभाळणं जड जाऊन राहिलं," म्हणाले आणि हातपंपावर हातपाय धुवायला गेले. मला इतका संताप आला की मी चहा न पिता लाखनीला निघून गेले.

 आईत मात्र त्या दिवसापासून एक बदल झाला. जेवणाआधीच्या प्रार्थनेत एक जागा येते, जिथं आपण म्हणतो की आमचं चुकलेलं माफ कर, जशी आम्ही दुसऱ्यांना माफी दिली तशी. तिथं आली की आई गप्प व्हायची आणि पुढच्या वाक्याला परत सामील व्हायची. बाबांच्या ते लक्षात आलं, माझ्याही आलं. मी विचारलं तेव्हा आई म्हणाली, "जे केलं नाई ते देवापुढं कायले बोलू? त्याले का दिसत नाई?" आईचं आणि देवाचं असं रोखठोक होतं.

दुसऱ्या वर्षी पाऊस चांगला झाला. बी आणायला आई गेली होती, कारण त्यातलं बाबांना काही कळत नाही. धान रोवला गेला आणि जोरात आला. दसरा झाल्यावर बाबा एक दिवस पानठेल्यावरून फार खुशीत घरी आले. मी आलेलीच होते. म्हणाले, "गावात आपली लय तारीफ होऊन राहिली. एक जण म्हणे, साहेब, मानलं तुमाले. दुसरा म्हणे, आम्हाले वाटलं तुम्ही भोळे आहा, पण तुम्ही तर उस्ताद निघाले. धान खरंच चांगला आहे ना आपला?"

मी आईकडे पाहिलं. आई तांदूळ निवडत होती, मान काही वर केली नाही तिनं.

हलका धान दिवाळीच्या आसपास कापायला येतो आणि भारी धानाला त्यापुढे महिनाभर तरी लागतो. सडकेकडच्या बांध्यांत हलका लावायचा, ही आमच्याकडची रीत. पुढच्याचं आधी कापून झालं की मागच्याचं हार्वेस्टर आणि ट्रॅक्टर त्या रिकाम्या जागेतून जातात. आमच्या वाटेवरच्या बांध्यांत भारी धान हिरवागार उभा होता, आणि मागे त्याचा हलका धान पिकून लोंब्या खाली घालून बसला होता. त्याला बाहेर पडायला वाटच नव्हती. हे मी बाबांना समजावून सांगितलं, आणि खोटं कशाला सांगू, सांगताना मला गुदगुल्या होत होत्या.

बाबांचा चेहरा उतरला. "तू चुकून आणला ना भारी?" त्यांनी आईला विचारलं.

"चुकून नाई. मले सारं मालूम होतं. म्हनूनच आनला," आई म्हणाली. "मी काही त्याचं नुकसान नाई केलं. माझ्या वावरात मी काय लावावं, मी ठरवीन. पाहू दे ना त्यालेही, उद्या उद्या कसं असते."

बाबा खाटेवर बसले. मग म्हणाले, "लोक मले पहिल्यांदाच शहाणा म्हणून राहिले, आणि कशासाठी तर यासाठी." त्यांच्या आवाजात राग नव्हता, लाज होती. ती मला बघवली नाही. तरीही मी आईच्याच बाजूची होते.

दिवाळीच्या तोंडावर आभाळ भरून आलं. गावात बाहेरून हार्वेस्टर आलं होतं, ते पुढच्या गावाला निघायच्या तयारीत होतं. पाऊस पडला असता तर त्याचा पिकलेला धान आडवा होऊन चिखलात गेला असता. त्याच्या घरी म्हातारी आई, दोन म्हशी आणि वर्षाचं खाणं म्हणजे तो धान. वाट मागायला मात्र तो आला नाही. कोणत्या तोंडानं येणार? दोन दिवस नुसता धुऱ्यावर उभा राहून आभाळ पाहायचा.

सकाळी मी पोचले तर बाबा विळा घेऊन आमच्याच धानात उतरलेले. धुऱ्याच्या कडेला जिथं जमीन सुकली होती, तिथून हार्वेस्टर जाईल इतकी पट्टी ते कापत होते. लोंब्यांत अजून दूध होतं, दाणा धरला नव्हता. मी ओरडलेच, "बाबा, तो आपलाच धान आहे."

"आपलाच आहे म्हणून तर कापून राहिलो," बाबा म्हणाले. "दुसऱ्याचा कापायची परवानगी नाई."

तो शेतकरी धुऱ्यावर येऊन उभा राहिला. कापलेल्या हिरव्या धानाकडे त्यानं पाहिलं. मग म्हणाला, "साहेब, तुम्ही जानूनच लावला होता ना भारी?"

बाबांना खोटं बोलता येत नाही, आणि आईचं नावही घ्यायचं नव्हतं. "आमच्या घरून जानूनच झालं, भाऊ," ते म्हणाले. "आता वाट होऊन राहिली. मशीनवाल्याले थांबव."

बाबांचं कापणं म्हणजे एक दृश्य होतं. फॅक्टरीत स्क्रू पिळलेला माणूस, विळा पेन्सिलसारखा धरायचा. एक मूठ कापली की कंबर धरून उभे राहायचे. या गतीनं वाट व्हायला पुढची दिवाळी उजाडली असती. आई धुऱ्यावर बसून हे पाहत होती. तिच्या मनात काय चाललं होतं ते तिला आणि देवालाच ठाऊक, पण तिचा जीव खालीवर होत होता हे मला दिसत होतं. शेवटी तिनं लुगडं खोचलं आणि खाली उतरली.

"व्हा बाजूले," ती बाबांना म्हणाली. "धान कापून राहिले का दाढी करून राहिले?"

आणि ती कापत सुटली. तेच हात, तीच कंबर, तीच जमीन. समोरून तो शेतकरी विळा घेऊन कापत येत होता. दोघांची मध्यावर गाठ पडली तेव्हाच विळे थांबले. मी चप्पल काढली आणि पेंढ्या गोळा करायला लागले, कारण तिथं नुसतं उभं राहून मला माझाच राग यायला लागला होता. मग मशीनला जागा व्हावी म्हणून त्यानं फावडं आणून मधला धुरा फोडला. गेल्या वर्षी ज्या जागी फट लिंपली होती, बरोबर तिथंच.

हिरव्या पेंढ्यांचा ढीग पाहून आई त्याला म्हणाली, "हे तुझ्या म्हशीयले टाक. वाया कायले जावा."

त्यानं मान हलवली. डोळे पुसले असावेत, पण कोंड्याचंही निमित्त होतं. हार्वेस्टर आमच्या कापलेल्या पट्टीवरून खडखडत गेलं आणि संध्याकाळी पाऊस आला तेव्हा त्याचा धान घरात होता. पानठेल्यावर बाबा परत भोळे झाले.

त्या रात्रीही आई प्रार्थनेत त्याच जागी गप्प राहिली. मी नुसतं पाहिलं तर म्हणाली, "हात मोकळा झाला, मन व्हायचं हाय. घाई कायले?"

यंदाच्या रोवण्याआधी बी घ्यायला मी तिला स्कूटीवर घेऊन गेले. दुकानदारानं विचारलं, हलका की भारी? "हलका दे," आई म्हणाली. "आमच्या मांगं मानूस राह्यते."

मागच्यानं यंदा पाणी वेळेवर सोडलं का? सोडलं, पण दोनदा सांगावं लागलं. माणूस एकदम बदलत नाही, आणि बाबांनी त्यासाठी धान कापलाही नव्हता.

बी आणलं त्या दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो. प्रार्थना सुरू झाली. ती जागा आली आणि आईचा आवाज आला, नेहमीसारखाच, स्वच्छ. बाबांना ते इतकं अनपेक्षित होतं की त्यांचाच आवाज मध्ये बंद पडला, माझा तर फुटलाच नाही. ते वाक्य आईनं एकटीनं पूर्ण केलं. मग आम्हा दोघांकडे पाहून म्हणाली, "म्हना ना पुढचं. भात थंडा होऊन राहिला."