सगळ्यांची एक ट्यूब

सून बादलीत तोंड बुडवून बसली होती. श्वास घ्यायला तेवढी वर यायची, की परत तोंड पाण्यात. गाल लालभडक, डोळ्यांखाली सूज, ओठांच्या कडेला बारीक फोड. आदल्या दिवशी मी तिच्या तोंडाला साईत हळद कालवून लावली होती. आजही वाटी घेऊन गेले, तर तिनं हात आडवा धरला.

"आत्या, आता काय बी लावू नगासा. तोंड पेटलंय माझं."

एरवी ती मला कशालाच नको म्हणत नसे. मी वाटी खाली ठेवली.

आमच्याकडं हळद पिकते. शिजवलेली हळद उन्हात पसरायची आणि दिवसभर खालीवर करायची, हे काम सुनेचं. दोन उन्हाळ्यांत तिच्या गालांवर वांग उठला, काळसर डाग पडले. कातडी तिची मुळात नाजूक, साबण बदलला तरी चुरचुरायची. भावकीतल्या बायका कुंकू लावताना तिची हनुवटी धरून डाग निरखायच्या. ती पदर पुढं ओढायला लागली. मला ते बघवेना, म्हणून देवळीतली ट्यूब मी तिला दिली.

ती ट्यूब माझ्या गजकर्णासाठी दुकानातून आणलेली. आमच्या घरात औषध एकट्याचं कधी नसतं. माझी मांडी, लेकाची पाठ, नातीचा कोपर, सगळ्यांना तीच. सुनेचे डाग पंधरा दिवसांत फिके पडले. भावकीतल्या चौघींनी ट्यूबचं नाव विचारलं, मी ऐटीत सांगितलं. ट्यूब संपली की मी दुसरी आणायला लावायची. असे चार महिने गेले. मग एकदा दुकानात ती मिळाली नाही, आणि आठवड्यात सुनेचं तोंड भाजल्यासारखं झालं.

लेकानं आम्हाला मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ट्यूब वाचली आणि घरात कोण कोण वापरतं ते विचारलं. मी सांगितलं.

"आजी, तुमची बीपीची गोळी सुनेला देता का?"

"डोकं दुखलं तर देते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी नीट समजावलं. ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. त्यानं कातडी वरून उजळली आणि आतून पातळ झाली. ट्यूब थांबल्यावर कातडी उसळली, त्यात माझ्या हळदीनं भर घातली. डागांचं औषध आत्ता नाही, आधी कातडी शांत व्हायला हवी. पहिला महिना गार पाणी आणि बिनवासाचं साधं क्रीम, एवढंच. साबण, लिंबू, बेसन, हळद बंद. पुढं उन्हाचं क्रीम, तेही आधी कानामागं लावून दोन दिवस बघायचं. भर दुपारचं ऊन नको, चुलीची धगही नको. औषधाच्या चिठ्ठीवर त्यांनी सुनेचं नाव लिहिलं.

"हे फक्त हिचं. दुसऱ्या कुणाचं नाही."

घरी आल्यावर हळद मी खालीवर करू लागले. भाकरी लेक थापायचा, त्या जाड व्हायच्या. सून आतल्या खोलीत ओलं फडकं तोंडावर घेऊन पडायची. झोप लागली की हात आपोआप गालाकडं जायचा, म्हणून हाताला कापड गुंडाळायची. दोनदा मला म्हणाली, तीच ट्यूब एकदा लावू का, तेवढीच आग थांबेल. ट्यूब मी शेणखड्ड्यात टाकली होती, ते सांगितलं. ती भिंतीकडं तोंड करून रडली.

भावकीतल्या चौघींनाही मी जाऊन सांगितलं. दोघींनी ऐकलं. एक म्हणाली, "आवं, सून गोरी झाली तवा तुमीच मिरवत हुता की." खरं होतं.

आग थांबायला तीन महिने लागले. वांग अजून थोडा आहे. ट्यूब मी दिली, हळद मी लावली. ते तीन महिने सुनेनं काढले.