बायकांच्या मजलिसचा फोटो

ऑफिस बंद होणार हे कळलं आणि माझ्या पायाला भिंगरी लागली. बारा वर्षं मस्कतमध्ये इंटिरियर डिझायनर म्हणून राबले. आता दोन महिन्यांत नवी नोकरी नाही मिळाली, तर नवऱ्याच्या व्हिसावर घरी बसायचं. नवरा म्हणतो, "बस की जरा निवांत." कसलं डोंबलाचं निवांत! मला नुसतं बसता येत असतं तर आणखी काय हवं होतं?

जिथे विचारावं तिथे एकच प्रश्न, "वेबसाईट आहे का?" नव्हती. मग अल हैलच्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर, अकरावीतली लेक आणि मी माझी वेबसाईट करायला बसलो. एका क्लिनिकचं रिसेप्शन, दोन ऑफिसं, एक चपलांचं दुकान. लेकीनं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नाक मुरडलं. "आई, हे सगळं सो बोअरिंग आहे. तुझं बेस्ट काम कुठे आहे?"

बेस्ट काम मस्कतजवळच्या बरका गावात होतं. एका ओमानी घरातली बायकांची मजलिस, म्हणजे त्यांची बैठकीची खोली. छताची जिप्समची नक्षी मी तीनदा पाडून पुन्हा करून घेतली होती. भिंतींचा निळा रंग तर रंगाऱ्याच्या डोक्यावर उभं राहून मिसळवला होता. घरच्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "इथला फोटो काढायचा नाही. कधीच नाही." मी छातीवर हात ठेवून कबूल केलं होतं. आणि शेवटच्या दिवशी, दिव्यांचा उजेड तपासायच्या निमित्तानं, एक काढलाच. पाच वर्षं तो फोनमध्ये पडून होता.

बोलणाऱ्याचे कुळीथही विकले जातात, न बोलणाऱ्याचे गहूही विकले जात नाहीत, असं स्वतःला समजावून मी तो फोटो चढवला. अगदी पहिल्या पानावर. खोलीत माणूस नाही, घराचं नाव नाही, कुणाला कळणार आहे? लेकीला मात्र दिलेल्या शब्दाबद्दल काही बोलले नाही.

तिथून जी तगमग सुरू झाली! कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरले. इस्त्री तापत ठेवून गॅलरीत जाऊन उभी राहिले. फोन वाजला की आधी नाव बघत होते. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! तिसऱ्या दिवशी एका मोठ्या कंपनीतून फोन आला, "ती निळी खोली तुम्ही केलीत? रविवारी भेटायला या." मी लेकीला उचलून घ्यायचीच बाकी होते.

शनिवारी दुपारी बरक्याच्या बाईंचा फोन आला. स्क्रीनवर नाव पाहून मी तो जरा वाजू दिला, मग उचलला. पण आवाज नेहमीसारखाच मायाळू. आम्ही दोघी तोडक्यामोडक्या हिंदीत बोलायचो आणि त्या मला 'उख्ती' म्हणायच्या, म्हणजे 'माझी बहीण'.

"उख्ती, माझ्या धाकट्या बहिणीचं घर होतंय. कुणाला बोलवू म्हणाली. मी म्हटलं, हिलाच बोलव. बाकीच्या आल्या की आधी मोबाईल काढतात. ही नाही काढत."

नुसतं "हो" म्हटलं असतं तरी भागलं असतं. तोंडात आलाही होता शब्द. पण नाही जमलं मला. सगळं सांगून टाकलं: फोटो, वेबसाईट, उद्याची मुलाखत. "आत्ता उतरवते, हे बघा, उतरवला," असं बडबडत मी बोलता बोलताच तो वेबसाईटवरून काढूनही टाकला. स्वतःचा इतका संताप आला होता की रडूही धड येईना.

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या खायची माझी तयारी होती.

"फक्त बहिणीलाच नाही," त्या हळू म्हणाल्या. "तुझं ऑफिस बंद होतंय हे ऐकलं, म्हणून पाच घरांत तुझं नाव सांगून ठेवलंय मी." मग त्यांनी विचारलं, "आता त्या पाचजणींना फोन करून काय सांगू, ते तूच सांग."

"जे खरं आहे तेच सांगा," मी म्हटलं.