सगुणाबाईचं पत्र

हेमचंद्र साळवे बोलायला लागले की दोह्यातली मराठी मंडळी गप्प बसत. आवाजच तसा! तिथल्या बिन महमूद भागातल्या एका कंत्राटदाराच्या ऑफिसात ते ड्रॉइंगांच्या फायली सांभाळत, पण कुणा बड्या माणसाचा फोन आला की तिथला केरळी मॅनेजरही म्हणे, "साळवे, तुम बात करो." शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चच्या आवारात तर विचारूच नका. रेडिओकाका इकडे, रेडिओकाका तिकडे! दुसरा कुणी असता तर फुगला असता, साळव्यांची मात्र मान खाली जायची. लोक म्हणत, किती नम्र! नम्र कसले डोंबलाचे. लाज वाटायची त्यांना, आणि वाटायला कारणही होतं.

रेडिओ म्हणजे नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं 'पहाटतारा' केंद्र. केंद्र म्हटल्यावर मोठं काही डोळ्यांपुढे आणू नका. मिशनच्या शाळेमागची जुनी धान्याची कोठी, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना ठोकलेल्या गोधड्या, एक टेपरेकॉर्डर आणि एक पंखा, तोही रेकॉर्डिंगच्या वेळी बंद. घामाघूम होऊन अर्धा तास बोलायचं. टेप एसटीनं पुण्याला, तिथून विमानानं परदेशातल्या प्रक्षेपण केंद्राकडे, आणि महिन्याभरानं तोच आवाज शॉर्टवेव्हवर खरखरत गावात परत. पण बुधवारी संध्याकाळी सात वाजले की वाड्यावस्त्यांवरचे ख्रिस्ती लोक कान लावून बसत.

केंद्र चालतंय की नाही, हे वरचे साहेब लोक श्रोत्यांच्या पत्रांवरून ठरवत. सत्त्याऐंशी साली गावात टीव्ही आले आणि पत्रं आटली. पत्रं वाचायचं काम होतं चोवीस वर्षांच्या हेमचंद्राकडे. एका आठवड्यात एकच कार्ड आलं, पेन्सिलीनं लिहिलेल्या दोन ओळी: 'माझ्या मुलाला झटके येतात. स्तेफनचं नाव प्रार्थनेत घ्या. मार्था.' आता यात वाचायचं काय? पाव मिनिटात संपलं असतं. हेमचंद्रानं मुलाचे झटके तेवढे उचलले आणि त्यांना नवी आई दिली, सगुणाबाई. तिला डोंगरापलीकडचं गाव दिलं, पोर पाठीवर घेऊन चार कोस चालायला लावलं, आणि गळा दाटून तिचं पत्र वाचलं. खरं कार्ड गेलं बिस्किटांच्या डब्यात.

मग काय! सगुणाबाईला धीर द्या म्हणून कार्डांचा पाऊस. साहेबांनी पाठ थोपटली. हेमचंद्र दर बुधवारी सगुणाबाईचं नवं पत्र लिहू लागला आणि एका खोट्यापायी शंभर खोटी बोलत राहिला. दोन वर्षांनी केंद्र बंद पडलं, तेव्हा सगुणाबाईचं पोरगं अर्धवट आजारीच राहिलं होतं.

यंदा 'पहाटतारा'ला पन्नास वर्षं झाली. गावच्या तरुणांनी त्याच नावानं मोबाईलवर कार्यक्रम सुरू केलेत. त्यांना केंद्राचा इतिहास हवा होता, आणि जुन्यांपैकी उरलेत एकटे साळवे. दोह्यात नर्स असलेल्या मधुरा पाटोळेनं रेकॉर्ड करून पाठवायचं अंगावर घेतलं. साळव्यांनी ठरवलं, यावेळी सगळं ओकून टाकायचं. गुरुवारपर्यंत त्यांचं अवसान गळालं. त्यांनी दोन स्वच्छ पानं लिहिली, सगुणाबाईशिवाय.

शुक्रवारी भक्ती संपल्यावर चर्चमागच्या खोलीत मधुरानं मोबाईल लावला. "यल्ला, चला काका, सुरू करा!" तिची आई व्हिजिट व्हिसावर आली होती, तीही कौतुकानं समोर बसली. साळव्यांनी गोधड्या सांगितल्या, पंखा सांगितला, सगळे हसले. तेवढ्यात आई म्हणाली, "भाऊ, एक विचारू? त्या सगुणाबाईचं पोरगं बरं झालं का वो?"

साळव्यांनी हातातल्या पानांकडे पाहिलं.

"माझ्या स्तेफनलाबी तसलेच झटके यायचे," ती सांगत होती. "ती बाई माझंच दुखणं बोलती असं वाटायचं. अजून रोज तिच्या पोरासाठी प्रार्थना करते मी."

'बरा झाला' म्हटलं की विषय खलास. म्हातारी सुखावली असती, रेडिओकाका रेडिओकाकाच राहिले असते. शब्द अगदी ओठांवर आला होता. पण चाळीस वर्षं हिनं न जन्मलेल्या पोरासाठी गुडघे टेकले, हे ऐकून त्यांना तो शब्द बोलवेना.

"मार्थाताई," ते म्हणाले, "सगुणाबाई नव्हतीच. मी बनवलेली बाई होती ती. आणि तिच्या मुलाचे झटके तुमच्या स्तेफनचे. तुमचं कार्ड आलं होतं. मी ते रेडिओवर वाचलंच नाही."

आता शिव्या पडतील म्हणून साळवे वाट बघत होते. खरं तर त्यांना त्या हव्याच होत्या.

"स्तेफनचं काही नाही, तो झाला बरा. ट्रॅक्टर चालवतो," मार्थाबाई सावकाश म्हणाल्या. "पण कार्ड आलं व्हतं?"

"आलं होतं. पेन्सिलीनं लिहिलेलं."

"ते म्या दिराकडं दिलं व्हतं, पेटीत टाकाया. नाव काय रेडिओवर येईना. म्या म्हनलं, ह्यानं टाकलंच नाही. बायबलावर हात ठेवून शपथ घेतली वो त्यानं. तरी सव्वीस वर्सं बोलले नाही त्याच्याशी, एका अंगनात राहून. मरायला टेकला तरी उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही."

मधुरानं मोबाईल बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे," साळवे म्हणाले. "ताई, त्यांचं पूर्ण नाव सांगा."

"याकोब सखाराम पाटोळे."

साळव्यांनी मोबाईलकडे तोंड केलं. "याकोब सखाराम पाटोळे यांनी कार्ड टाकलं होतं," ते म्हणाले. "ते आम्हाला मिळालं होतं."

मार्थाबाई पदर सावरत उठल्या. त्यांनी साळव्यांकडे पाहिलं नाही. "चल गं," त्या मधुराला म्हणाल्या.