मठातलं पिंजणयंत्र

सावली तालुक्यातल्या त्या गावात मठ आहे, पण मठात साधू कुणी पाहिलेला नाही. सातशे वर्षांचा म्हणतात, असेल बुवा. दोन हात जाडीच्या काळ्या दगडी भिंती, मधे मोकळा चौक, चौकाभोवती साधूंच्या खोल्या, आणि प्रत्येक खोलीला असं ठेंगणं दार की आत शिरणाऱ्यानं वाकलंच पाहिजे. साधू गेले, मग तिथं राजाचं धान आलं, मग शाळा भरली. शाळेला नवी इमारत झाल्यावर ग्रामपंचायतीनं खोल्या भाड्यानं दिल्या. कोपऱ्यातली खोली नवाब पिंजाऱ्यानं घेतली.

बाकं आत घ्यायला शाळेनं त्या खोलीचं दार फोडून रुंद केलं होतं. त्यातूनच नवाबनं चंद्रपूरहून गाद्यांसाठी रुई पिंजायचं जुनं यंत्र आणून आत बसवलं. यंत्र सुरू झालं की रुईची लव उडायची ती थेट चौकात, आणि चौकात शेजारच्या खोलीतल्या अंजनाबाईच्या मिरच्या वाळत पडलेल्या. मग अंजनाबाईच्या तोंडाचा पट्टा सुरू! रोजची कटकट नको म्हणून नवाबनं इतवारी गवंड्याला बोलावलं आणि मागे पडलेलेच दगड लावून दार पुन्हा पहिल्यासारखं ठेंगणं करून घेतलं. यंत्र आत राहिलं.

"अरे, हे बाहेर कसं निघन?" इतवारीनं दगड बसवता बसवता विचारलं होतं.

"जाते कुठी ते? लग्नाले?" नवाब म्हणाला, आणि दोघं पोट धरून हसले. हसा लेको!

आता मठाची डागडुजी निघाली. पाहणीला आलेल्या पुरातत्त्व खात्याच्या ज्योत्स्ना मॅडम तशा बऱ्या होत्या. शुक्रवारपर्यंत खोल्या रिकाम्या करा, म्हणाल्या. नवाबनं त्यांना दार दाखवलं, आतलं, नटबोल्ट गंजून एकजीव झालेलं यंत्र दाखवलं.

"हे दगड नंतरचे आहेत काका, काढता येतील. पण आधी मोजणी, मग परवानगी. दिवाळी तरी उजाडेल."

"आणि खोली?"

"खोली शुक्रवारीच."

घ्या! नवाबचा पोरगा सैफ सावलीला मोबाईलच्या दुकानात कामाला. तो तापला आणि पहार घेऊनच आला. "अब्बा, आपण लावले, आपण काढू. कोन विचारते?"

नवाबनं पहार घेतली. एक घाव घातला, दुसरा घातला. इतवारी कधीचा मातीत गेला, पण त्यानं बसवलेला दगड जागचा हलेना. नवाबला खोकल्याची उबळ आली. जन्मभराची रुई छातीत जाऊन बसलेली. तो उंबऱ्यावर टेकला. कंटाळा आला होता त्याला, पार हाडांत मुरलेला.

"द्या इकडं, मी मारतो," सैफ म्हणाला.

"ठेव ते. काढून ठेवशीन कुठी? आपण तिघं झोपलो का घरात मुंगीले जागा नाई." मग खाली बघत त्यानं विचारलं, "तू चालवशीन काय?"

सैफ खिशातला मोबाईल काढून बघू लागला. उत्तर नवाबला माहीत होतं, तरी त्यानं थोडी वाट पाहिली.

"गॅसकटरवाल्याले बोलाव," तो म्हणाला.

गुरुवारी कोपऱ्यात उरलेली रुई त्यानं पिंजून काढली. बायको खैरुन चौकात बसून टाके घालत होती. शिवलेली गादी त्या दारातून निघत नसे, म्हणून शिवण कायम चौकातच.

"कोनाची आहे?" तिनं विचारलं.

"आपली."

नवाबनं पिंजलेली रुई म्हणजे ढग, असं गाव म्हणायचं; पण गावभर गाद्या पुरवणाऱ्या त्या घरात आजवर गोधडीच होती. खैरुन टाका आणखी जवळ घालू लागली.

शुक्रवारी यंत्राचे तुकडे एकेक करून बाहेर आले. नवाब बघायला थांबला नाही. भरदुपारी घरी येऊन गादीवर आडवा झाला आणि बराच वेळ हातानं ती चाचपत राहिला. खैरुन पाण्याचा गिलास घेऊन आली, तर त्याचे डोळे वाहत होते.

"लोकं खोटं नव्हते बोलत, खैरुन," तो म्हणाला. "मी चांगला पिंजत होतो."