लिंबावरच्या सात बाहुल्या

जानेवारीतला दुसरा रविवार, सकाळचे नऊ. रक्कम अकराशे रुपये. मारुतीच्या पारावर हजर होतो मी, माझा थोरला चुलतभाऊ, गावातले वडीलधारे आप्पा आणि शेजारची म्हातारी, सहा वर्षांच्या नातीला मांडीवर घेऊन. पैसे चुलतभाऊ माझ्याकडे मागत होता, करणी उतरवल्याचे. करणी म्हणजे आम्ही केलेल्या बाहुल्या.

दर रविवारी आमच्या ओसरीवर लहान पोरं जमतात. बऱ्याच जणांचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि पोरं आजीपाशी राहतात. मी आणि माझी बायको त्यांच्यासोबत बाहुल्या करतो. भिजवलेल्या कागदाचा लगदा, कणकेची खळ, मुंडक्याखाली तुराटीची काडी, वरून चिंध्यांचे कपडे. मग पोरं चादरीआड बसून त्या नाचवतात आणि गोष्टी करतात.

मागच्या रविवारी म्हातारीच्या नातीने आई केली. आईच्या जुन्या साडीची हिरवी पट्टी तिला नेसवली. केसांसाठी मी काळा दोरा पुढे केला तर म्हणाली, "दोरा नको काका. आईचे केस हायेत माझ्याकडं." जाण्याच्या दिवशी आईने वेणी घालताना भिंतीच्या फटीत खोचलेल्या गुंतवळातलं थोडं तिने मुठीत आणलं होतं. तिची गोष्ट एवढीच होती, आई ट्रकमधून उतरते आणि विचारते, जेवलीस का?

आमच्या अंगणात हिवाळ्यात ऊन कमी. म्हणून ओल्या बाहुल्या बांधावरच्या कडुलिंबाला टांगल्या. बांध माझा आणि चुलतभावाचा. त्या दिवशी अमावास्या होती म्हणे. संध्याकाळी त्याला झाडाला लटकलेली मुंडकी दिसली, एकीला खरे केस दिसले. हाक मारली असती तर मला घरात ऐकू आली असती. त्याने हाक मारली नाही. मोटारसायकल काढून शेजारच्या गावातून एक जाणता आणला. त्या जाणत्याने पिशवीतली लिंबं कापली, काहीबाही पुटपुटला, सातही बाहुल्या जाळल्या आणि अकराशे रुपये घेऊन गेला.

सकाळी सगळ्यांत आधी पोरगी तिथे पोचली. राखेत हिरव्या पट्टीचा एक कोपरा उरला होता. ती रडली नाही, पण जेवलीही नाही. शेवटी म्हातारीने फोन लावून दिला. तिने विचारलं, "आये, तू जळलीस का?"

"न्हाई गं बाई, मी ऊस तोडायलेय की! कुणी सांगितलं तुला?"

हे मी म्हातारीच्या दारात उभा राहून ऐकलं. तेव्हापासून माझं डोकं तापलेलं होतं.

पारावर चुलतभाऊ म्हणाला, "बाईचे केस लावून झाडाला टांगता, आन् आमी काय समजायचं? माझी म्हैस आटली."

"म्हैस गाभण हाय दादा. आटणारच."

आप्पा हसले, मग गंभीर झाले. "निम्मे निम्मे करा. भावाभावात वाईटपणा नको."

"निम्मे कशाचे? पोरांच्या बाहुल्या ह्यानं जाळल्या, आन् सरपणाचे पैसे मी देऊ?" माझा आवाज इतका चढला की पलीकडच्या हॉटेलातले लोक उठून पाहू लागले.

तेव्हा म्हातारी बोलली. "भाऊ, पोरगी पुन्हा आई करायची म्हणायलीय. पेटीतली साडी कापायला माझा हात धजंना. ह्यांनी पुन्हा जाळली तर?"

पोरगी माझ्याकडे नाही, चुलतभावाकडे बघत होती.

मी म्हणालो, "दादा, साडेपाचशे देतो. पण आत्ताच, सगळ्यांसमोर मावशीला सांग. ती बाहुली पुन्हा होईल, केसांसकट होईल, आन् तू तिला हात लावणार न्हाईस."

तो म्हणाला, "करा मावशी. लावा केस."

"आन् हात?" पोरीने विचारलं.

"न्हाई लावत, माय."

करणी मानून मी पैसे दिले नाहीत, हे तिथेही सांगितलं आणि इथेही लिहितो. पाचशेची एक आणि पन्नासाची एक, अशा दोन नोटा चुलतभावाच्या हातावर ठेवल्या. पाचशेची त्याने उन्हात धरून पाहिली, खरी आहे का म्हणून.